वीणा खाली ठेवायची नसते



मागच्या कार्तिकी एकादशीची गोष्ट. नागपुरात आमच्या नंदनवनातल्या भजनी मंडळात हरिपाठ संपला, प्रसाद वाटून झाला आणि एक सून माझ्यापाशी येऊन बसली. माळकरी घरातली मुलगी आहे. लग्न होऊन आली तेव्हापासून मंडळात येते, चाल अचूक उचलते. पण चार महिने ती दिसली नव्हती. आषाढीच्या दोन दिवस आधी तिचे लेकरू जन्मले, सातव्याच महिन्यात. वजन बाराशे ग्रॅम. दोन महिने ते दवाखान्यात काचेच्या पेटीत होते आणि मग घरी आले ते नाकात नळी घेऊनच. सगळा चातुर्मास त्यात गेला.

ती म्हणाली, "काकाजी, दोन गोष्टी विचारायच्या आहेत. चार महिन्यांत माझा एकही नेम झाला नाही. हरिपाठ नाही, एकादशी नाही. याचा दोष लागतो का? आणि घरीदारी सगळे म्हणतात, लेकराचं प्रारब्धच तसं आहे. खरंच तसं असतं का?"

मी काही बोलणार तोच शेजारी बसलेले एक जाणते गृहस्थ म्हणाले, "प्रारब्ध भोगूनच संपवावं लागतं, बाई." आणि मी मान हलवली. ती थोडा वेळ बसली, मग चप्पल घालून निघून गेली. लेकराला दर अडीच-तीन तासांनी दूध द्यावे लागते, तिला वेळेत पोचायचे होते.

मी मान का हलवली, हे मला त्या रात्री सांगता येईना. तेव्हापासून जे मनात आहे ते तुमच्यासमोर मांडतो. तुमच्याही गल्लीत असे एखादे घर असेल.

आधी त्या लेकराला झाले आहे काय ते नीट समजून घेऊ, कारण मलाही ते ठाऊक नव्हते. दूध पिणे आपल्याला फार सोपे वाटते. पण बाळाला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. चोखायचे, गिळायचे आणि मधे श्वास घ्यायचा. या तिन्हींचा ताल पोटातच बसत जातो आणि साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास तो जमू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला भूक असते, पण ताल नसतो. फुप्फुसे अशक्त असली तर तो यायला आणखी उशीर लागतो. कुणाच्या हृदयाला छिद्र असते. ते बाळ चार घोट घेते, दमते, कपाळावर घाम येतो आणि ते झोपी जाते. कुणाच्या टाळूला चीर असते, मग दूध नाकातून येते. अशा बाळांच्या आईला आपण काय काय म्हणतो? दूध उतरत नसेल. नजर लागली असेल. घुटी द्या, मधाचं बोट चाटवा. यातले एकही त्या लेकराच्या कामाचे नाही, आणि मध तर वर्षाच्या आतल्या कोणत्याच बाळाला देऊ नये.

आता प्रारब्धाचे पाहू. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे तीन शब्द आपण प्रवचनात इतक्यांदा ऐकतो की ते एका दमात म्हणून टाकतो. सुटलेला बाण प्रारब्ध आणि हातातला बाण क्रियमाण. पण दुसऱ्याच्या घरी संकट आले की आपण पहिल्या बाणाबद्दलच बोलतो. हातातल्या बाणाची आठवण कुणालाच होत नाही. माझ्यावर काही आले आणि मी मनाशी म्हटले, माझे प्रारब्ध, तर मला थोडे बळ येते, आदळआपट थांबते. तोच शब्द मी दुसऱ्याला ऐकवला की त्याच्या तोंडावर दार लावल्यासारखे होते. शब्द एकच, पण कोण कुणाला म्हणतो यावर त्याचे औषध होते किंवा विष. शिवाय बाराशे ग्रॅमच्या जिवाच्या मागच्या जन्माची वही आपल्यापाशी कुणी आणून दिली आहे?

आपल्याच विदर्भातले एक उदाहरण सांगतो. गडचिरोलीच्या खेड्यांत तान्ही लेकरे पहिल्या महिन्यातच जायची, आणि घरोघर तेच म्हटले जायचे, नशीब. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग हे आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्येच शिकलेले. १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. १९९३ ते १९९८ या काळात त्यांनी ३९ गावांत एक प्रयोग केला. गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केले. बाळाचे वजन कसे करायचे, त्याचा श्वास कसा मोजायचा, त्याला ऊब कशी द्यायची, अंगावर पाजायला आईला कशी मदत करायची, जंतुसंसर्गाची लक्षणे कोणती आणि तेव्हा कोणते औषध द्यायचे, हे त्यांना शिकवले. त्या बायका घरोघर जात राहिल्या. उपचाराच्या तिसऱ्या वर्षी नवजात बाळांच्या मृत्यूचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आले आणि पुढे २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटींतून ती पद्धत देशभर गेली.

माउली, त्या ३९ गावांतल्या लेकरांचे प्रारब्ध एकाएकी बदलले असे म्हणायचे का? मला वाटते, तिथल्या बायकांनी क्रियमाणाला हात घातला. आपण ज्याला प्रारब्ध म्हणत होतो त्यातले निम्म्याहून अधिक आपल्या हाताबाहेरचे नव्हतेच.

इथे कुणी मला गुलाबराव महाराजांची आठवण देईल. ते १८८१ चे. वर्षाचेही नव्हते तेव्हा त्यांचे डोळे गेले, आई लहानपणीच गेली. पुढे ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवू लागले, आणि अवघ्या चौतीस वर्षांत त्यांनी केलेली ग्रंथरचना पाहून विद्वान थक्क होतात. हे सगळे खरे आहे. पण आजारी लेकराच्या आईला हा दृष्टांत देताना जपून द्यावा. तुझे लेकरूही मोठे होऊन नाव काढील, असे म्हणणे म्हणजे तिच्यावर आणखी एक ओझे टाकणे. ते लेकरू कदाचित काहीच नाव काढणार नाही. कदाचित उशिरा चालेल, उशिरा बोलेल. त्याला दूध मिळावे यासाठी त्याने पुढे संत होण्याची अट नको. मला त्या गोष्टीत दुसरेच दिसते. डोळे नसलेल्या त्या लहानग्याच्या तोंडात कुणीतरी रोज घास घातला, हात धरून त्याला अंगणात नेले. त्या हातांबद्दल आपण फारसे बोलत नाही.

आता घासाचे. नामदेवांच्या नैवेद्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. देव जेवत नाही म्हणून छोटा नामदेव हट्टाला पेटला, डोके आपटायला निघाला, आणि देवाला जेवावे लागले. माझ्या मनात आले की लेकराला भरवणारी प्रत्येक आई नामदेवासारखीच हट्टी असते. पण इथे मोठे अंतर आहे. देवापुढे हट्ट चालतो, कारण देवाला इजा होत नाही. ज्याला गिळता येत नाही त्या बाळापुढे हट्ट चालत नाही. पायांवर आडवे घेऊन, रडायला तोंड उघडले की बोंडल्याने दूध ओतायचे, हे आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या चालले. बोंडल्याचा काही दोष नाही. डॉक्टर सांगतात तेव्हा दवाखान्यातही अशाच चोचीच्या वाटीने पाजतात. पण बाळाचे डोके वर धरून, थेंब थेंब, एक गिळला की मग पुढचा. ओतलेले दूध अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत गेले तर बाळ निळे पडते, छाती भरते. शिवाय जबरदस्तीने भरवलेले बाळ पुढे तोंडाजवळ काहीही आले की मान फिरवते. अन्नाचीच त्याला धास्ती बसते.

आपण रोज देवापुढे ताट ठेवतो, पाणी फिरवतो, डोळे मिटतो. ताट भरलेले परत येते. म्हणून आपण पूजा फसली म्हणत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा मांडतो. त्या सुनेला मी हे नंतर सांगितले तेव्हा ती थोडी हसली आणि म्हणाली, "काकाजी, देवाचं वजन नाही ना करावं लागत." तिचे खरे आहे. देव उपाशी राहत नाही, लेकरू राहते. ताट परत आले की काट्यावर वीस ग्रॅम कमी दिसतात. म्हणूनच ती नळी. नळी लागली म्हणजे आई हरली असे नाही. पोट नळीने भरते, म्हणून तोंडाशी लढाई करावी लागत नाही. तोंडाला दुधाचा वास, बोटाचा स्पर्श, एखादा थेंब एवढेच द्यायचे आणि बाळाने मान फिरवली की थांबायचे.

नळीने दूध कसे देतात हे मी पाहिले आहे. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला आणि तिच्या नवऱ्याला आठवडाभर शिकवूनच घरी पाठवले होते. हात धुवायचे. नळी जागेवर आहे का, गालावरची पट्टी सैल झाली नाही ना, हे प्रत्येक वेळी तपासायचे. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवायचा, नुसती नळकांडी लावायची, तिच्यात आईचे काढून ठेवलेले दूध घालायचे आणि हात थोडा वर धरायचा. दट्ट्याने ढकलायचे नाही. दूध आपल्या वजनाने उतरते. हात उंच नेला तर भरभर जाते, खाली आणला तर हळू. पंधरा-वीस मिनिटे. बाळ खोकले किंवा रंग बदलला तर नळी चिमटीत धरून बंद करायची आणि दवाखाना गाठायचा. मग बाळाला उभे धरून बसायचे. हे झाले की भांडी उकळायची, पुढचे दूध काढायचे, आणि तोवर पुढची वेळ होते. दिवसाचे आठ वेळा, कधी दहा. पहाटे तीनची वेळही त्यातच.

नेमाचा प्रश्न मला इथे सापडला. पुंडलिकाने देवाला विटेवर थांबवले, आणि आपण त्या थांबलेल्या देवाच्याच पाया पडतो. कुणी म्हणेल, ती आईबापांची सेवा, ते ऋण फेडणे होते. लेकराचे करणे हा तर मोह. मी यावर पुष्कळ विचार केला. मोह काहीतरी मागतो. म्हातारपणाची काठी, वंशाचे नाव, निदान एक हसू. हे लेकरू अजून हसतही नव्हते, काही देत नव्हते, आणि ती तीन वाजता उठत होती. तिला आशा नव्हती असे मी म्हणत नाही. आशा होतीच आणि असू द्यावी. पण आशा नसती तरी ती उठली असती. याला मोह म्हणायला माझी जीभ वळत नाही.

एवढे सापडल्यावर मी दुसरी चूक करणार होतो. तिला जाऊन सांगणार होतो, पोरी, हीच तुझी सेवा, हाच तुझा हरिपाठ. बायकोने मला अडवले. म्हणाली, "म्हणजे तिने एकटीनेच जागायचं, आणि तुम्ही येऊन तिला सेवा म्हणायचं?" बायकोचे हे वाक्य मला प्रारब्धाच्या वाक्याइतकेच लागले. कुणाच्या कष्टाला मोठे नाव देणे हाही अंग काढून घेण्याचाच प्रकार आहे.

माउली, अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला सांगायला नको. सात दिवस, दिवसरात्र, कुणाच्या ना कुणाच्या गळ्यात ती असतेच. त्यासाठी पहारे लावतो. दोन-दोन तासांची पाळी, फळ्यावर नावे. रात्री दोन ते चारचा पहारा मी वीस वर्षे हौसेने मागून घेतो. एकाच माणसाने सात दिवस वीणा धरावी असे आजवर कुणाच्या मनात आले नाही. आणि इथे आमच्याच मंडळातल्या सुनेच्या हातात चार महिने वीणा होती, तीही जिवंत, आणि पहारा बदलायला कुणी गेले नव्हते. नवरा बुटीबोरीला पाळीत कामाला, सासूचे गुडघे गेलेले.

मंडळात मी हे बोललो. प्रारब्ध म्हणणारे ते गृहस्थच सर्वांत आधी म्हणाले, फळा आणा.

नळीचे काम ज्याला शिकवले आहे त्यानेच करायचे, हे नर्सबाईंनी बजावले होते. म्हणून माझी बायको आणि आणखी दोघी दवाखान्यात जाऊन शिकून आल्या, आणि एक निवृत्त शिक्षकही. त्यांच्या हाताला थरथर नाही. माझ्या हाताला आहे, म्हणून माझ्याकडे भांडी उकळण्याचे काम आले. तपासणीच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन रांगेत उभे राहणे हे आणखी दोघांकडे. सर्दी-खोकला असेल त्याने त्या दिवशी दारातूनच परत जायचे. सुरुवातीला सासूबाईंना परक्या बायकांनी रात्री घरात यावे हे रुचले नाही, दोनदा शब्दाला शब्द झाला. एकदा ठरलेली व्यक्ती आलीच नाही आणि त्या रात्री तीच जागली. हे सगळे सप्ताहातही होते.

माघी एकादशीला ती हरिपाठाला आली. अर्धा तासच बसली, मांडीवर फोन ठेवून. जाताना मी विचारले, वजन किती झाले? या आठवड्यात चाळीस ग्रॅम उतरले, म्हणाली, सर्दी झाली होती त्याला. मग पदर खोचत म्हणाली, "काकाजी, उद्या पहाटे तीनला कोण आहे?" मी फळ्याकडे पाहिले. माझ्या बायकोचे नाव होते आणि तिच्यासोबत भांड्यांना माझे.