टाकी उपसावी कोणी?

तापीखोऱ्यात घर बांधणारे आमचे बंधु सेप्टिक टाकी किती खोल खणावी, हे गवंड्यास विचारितात; ती भरल्यावर उपसावी कोणी, हे विचारीत नाहीत. गाळ तर दोन-तीन वर्षांनी काढावाच लागतो, आणि आतील विषारी वायूने मनुष्य क्षणात प्राणास मुकतो. संरक्षक साधनांवाचून त्यात मनुष्य उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा होईपर्यंत ते आपणांस फारसे खुपले नव्हते, हे कबूल केले पाहिजे.

अनुवादाच्या २३ व्या अध्यायात छावणीतील प्रत्येकाने आपला मळ आपण झाकावा, असे आहे. दोन शोषखड्ड्यांच्या शौचकूपात तेच साधते. एक भरला की मैला दुसऱ्यात वळवावा. बंद खड्ड्यात दीड-दोन वर्षांत निर्गंध खत होते, व ते काढावयास घरधन्याचे फावडे पुरते. मात्र आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसात फुगते; तेव्हा खड्ड्यांभोवती वाळू भरावी, आणि ते विहिरीपासून दूर असावेत.