नाव आणि ओळख

छत्रपती संभाजीनगराहून सिल्लोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलंब्री लागते. तेथे एका स्नेह्यांच्या घरी गेलो असता त्यांच्या दहा वर्षांच्या कन्येची परीक्षा पाहण्याचा योग आम्हांस आला. मुलगी पियानोच्या धर्तीचा कीबोर्ड नुकताच शिकू लागली होती. वडील तीन पट्ट्या एकदम दाबीत आणि ती पाठमोरी बसून त्या स्वरसंघाचे, म्हणजे कॉर्डचे, नाव सांगे. हा मेजर, हा मायनर. दहांपैकी नऊ उत्तरे बरोबर आली. आम्ही सहज म्हटले, "बाळ, यांतला मधला स्वर तेवढा गाऊन दाखव." ती गोंधळली. तोच दाराशी उभ्या असलेल्या आजींनी तो स्वर गुणगुणला. आजींचे आयुष्य भजनांत गेलेले. मेजर, मायनर ही नावे त्यांनी त्या दिवशी प्रथमच ऐकली होती.

मग या दोघींपैकी स्वरसंघ खरोखर ओळखला कोणी? हा प्रश्न केवळ संगीताचा नव्हे, असे आम्हांस वाटते.

प्रथम नावाची बाजू पाहू. सा, ग, प एकत्र वाजले की मेजर; त्यांतील गंधार कोमल केला की मायनर. पहिला आनंदी, दुसरा उदास, असे नवशिक्यास शिकवितात. हे शिकविणे व्यर्थ नाही. कान कोठे द्यावा हे नावामुळे कळते. आणि आजींना जे साधले ते नातीस सांगावयाचे झाले, तर त्यांनाही कोणते तरी नाव घ्यावेच लागेल.

परंतु ध, सा, ग हे तीन स्वर एकत्र वाजवून पाहावे. हाही मायनरच. यातील सा आणि ग मात्र पहिल्या आनंदी संघातलेच आहेत. पंचम गेला, धैवत आला, एवढ्याने भाव पालटला. तेव्हा औदासीन्य कोणत्याही एका स्वराच्या अंगी नसून ते स्वरांच्या परस्परसंबंधांत आहे. नावापाशी थांबणाऱ्यास हे कळत नाही. शिवाय एकच नाव धारण करणारे स्वरही सर्वत्र सारखे नसतात. तंबोऱ्याचा खर्ज नीट जुळला म्हणजे न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्यास स्वयंभू गंधार म्हणतात. दोन लगतच्या पट्ट्यांमधील अंतराचे १०० भाग कल्पिले, तर कीबोर्डावरील गंधार त्याहून सुमारे १४ भाग चढा असतो. नाव एक, स्वर दोन!

नावावरून निकाल देण्याचा मोह मोठमोठ्या संस्थांसही आवरलेला नाही. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस बंदी केली. तीवर मींड निघत नाही, तिचे स्वर ठराविक जागी जखडलेले, हा आक्षेप खोटा नव्हता. पण गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकांनी त्याच पेटीतून काय निर्माण केले होते, याला त्या निकालात जागा उरली नाही. ही बंदी १९७१ च्या सुमारास सैल होईपर्यंत तीन दशके लोटली.

दुसऱ्यांस दोष देणे सोपे आहे. नवा मनुष्य भेटताच आडनाव आणि गाव विचारून आपण त्याची पट्टी ठरवितो. आम्ही स्वतः अध्यापनाचा व्यवसाय करतो. हा हुशार, तो ढ, अशी नावे पहिल्या पंधरवड्यातच देऊन टाकल्याचे पाप आमच्या पदरी आहे. पुढे वर्षभर आम्ही ती नावेच ऐकत राहिलो. विद्यार्थी काय बोलत होता, ते ऐकले नाही. ज्यास ढ म्हटले तोच दुसऱ्या सोबत्यांत, दुसऱ्या विषयात निराळाच वाजला असता. तशी संधी आम्ही त्यास दिली नाही, याची रुखरुख आजही वाटते.

नावे टाकून व्यवहार चालणार नाही, हे आम्ही जाणतो. आमचे म्हणणे इतकेच, की नाव सांगून झाल्यावरही कान उघडा ठेवावा. अन्याय होतो तो कान मिटल्यावर. निघताना त्या मुलीस आम्ही सुचविले, "उत्तर देण्यापूर्वी तिन्ही स्वर एकेक करून गाऊन पाहा. आजींची मदत घे." असे केल्याने आरंभी तिची उत्तरे उशिरा येतील, कदाचित दहांपैकी सहाच बरोबर ठरतील. तरी चालेल. येत्या सत्रात आमच्या वर्गातही तशीच दिरंगाई करण्याचे आम्ही ठरविले आहे.