राहुलाचा आरसा आणि मुलांच्या हातातला फोन



आपल्या घरातला विद्यार्थी आज मोबाईलवर अभ्यास करतो, शिष्यवृत्तीचा अर्जही त्यावरूनच भरतो. आपल्या आजोबांना ही सोय नव्हती. तेव्हा फोन फेकून द्या, असे मी सांगणार नाही. प्रश्न वेगळा आहे. विहारात चौथे शील ग्रहण करणाऱ्या मुलाला फोनवर बोट ठेवताना ते शील आठवते काय?

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावी काय घडले ते मुलांना सांगा. मुले पळवणारी टोळी आली आहे, ही अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवरून गावोगाव पोचली होती. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागून जगणाऱ्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. अफवा पुढे धाडणाऱ्या कित्येकांनी काठीला हातही लावला नसेल; आपण लेकरांचे रक्षणच करतो आहोत, असे त्यांना वाटले असेल. म्हणून ते या पापातून सुटले काय? त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. पण पाच ठिकाणी गेलेले खोटेही खोटेच!

मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात भगवंतांनी लहान राहुलाला विचारले, आरसा कशासाठी असतो? पाहण्यासाठी, असे त्याने उत्तर दिले. तसेच प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यावर पारखून पाहावे, त्यातून स्वतःला वा दुसऱ्याला पीडा होणार असेल तर करू नये, असे तथागतांनी त्याला शिकविले. चेष्टेतही खोटे बोलू नये, हेही तेथेच सांगितले. वर्गातल्या मुलीचा फोटो बिघडवून ग्रुपवर टाकणारा मुलगा 'गंमत केली' म्हणतो, त्याच्यासाठीच जणू हे सांगितले आहे. (आणि फॉरवर्ड करण्यात वडीलधाऱ्यांची बोटे मुलांहून चपळ झाली आहेत, तेव्हा आरसा त्यांनीही पाहावा.)

चूक झालीच तर ती जाणत्यांपुढे उघड करावी, असेही राहुलाला सांगितले आहे. आपल्या घरात मूल तसे उघड बोलू शकते काय? कुणा भामट्याला ओटीपी सांगून बसलेले मूल माराच्या भीतीने दोन दिवस गप्प राहिले, तर पैसे हाती लागणे कठीण. त्याने लगेच आईला सांगितले, तर आई त्याच घटकेला १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार करू शकते.