हमीदच्या वाट्याची खोडी

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ ही कथा १९३३ सालची. आपल्यापैकी अनेकांनी ती शाळेत वाचली आणि ती बहुधा एकाच अर्थाने शिकवली गेली. चार-पाच वर्षांचा अनाथ हमीद जत्रेसाठी मिळालेल्या तीन पैशांत मिठाई घेत नाही, खेळणे घेत नाही. भाकरी करताना आजीची बोटे भाजतात म्हणून लोखंडी चिमटा घेतो. त्याग, समंजसपणा, आजीवरची माया. प्रश्नपत्रिकेला एवढे पुरते.

पण ही कथा मोठेपणी पुन्हा वाचावी. चिमटा घेतल्यावर हमीद मित्रांची जी फजिती करतो, ती अस्सल विनोदाची जागा आहे. महमूदचा शिपाई, मोहसिनचा भिश्ती, नूरेचा वकील या सगळ्या मातीच्या खेळण्यांना तो आपल्या चिमट्याच्या बढाया मारून गप्प करतो. तर्क लढवतो, थोडी दांडगाईही करतो. हा बढाईखोर हमीद शिकवताना गळून जातो आणि उरतो तो शहाणा हमीद. शेवटी पोराने म्हाताऱ्याची जागा घेतली आणि म्हातारी अमीना पोर होऊन रडली, असे प्रेमचंद सुचवतात. त्यात कौतुक आहेच. पण चार वर्षांच्या मुलाला म्हातारे व्हावे लागले, ही दुःखाची गोष्टही आहे. आपण कौतुक तेवढे उचलले.

मराठी बालवाङ्मयात पुढे जे मुस्लिम मूल आले ते बहुतेक असे म्हातारे होऊनच आले. ते सापडलेले पाकीट परत करते, पुरात मित्राला वाचवते, दिवाळीला फराळ खाते, ईदेला शिरखुर्मा वाढते आणि शेवटच्या पानावर एकात्मतेचा संदेश देऊन निघून जाते. लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, याबद्दल मला शंका नाही. पण ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या किंवा भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे आठवून पाहा. त्यांच्यावर कुठल्या समाजाची अब्रू टांगलेली नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’मधून १९९४ साली पुस्तकरूपाने भेटला. सीमाभागातल्या छोट्या गावातले, लेखकाच्या लहानपणीचे ते जग वाचताना आपण हसतो, हळवे होतो; पण लंपन कोणाचा प्रतिनिधी आहे, असे कोणी विचारत नाही. तो लंपन आहे, एवढे पुरे असते.

आता कोणी राहात्यातल्या एका जुन्या उन्हाळ्यावर मुलांसाठी विनोदी कादंबरी लिहायला बसला, नायक दहा वर्षांचा मुस्लिम मुलगा, तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवले असेल? सामग्रीला तोटा नाही. गोदावरीच्या उजव्या कालव्याचा पाट आहे, त्यात डुंबणारी पोरे आहेत. राहात्याचा पेरू नावाजलेला, पण तो थंडीतला, त्यामुळे चोरायला कैऱ्याच घ्याव्या लागतील. (अशा बारीकसारीक चुका मुले मोठ्यांपेक्षा लवकर पकडतात.) घरात दखनी, गल्लीत नगरी मराठी. एकच मुलगा आईला एका भाषेत थाप मारतो आणि राखणदाराला दुसऱ्या. दोन्हीकडची शिवी त्याला कळते, हा त्याचा फायदा.

साल कोणते घ्यायचे, हाही प्रश्न सोपा नाही. चांद्रवर्षामुळे रमजान साधारण तेहतीस वर्षांनी त्याच ऋतूत येतो. १९५४ साली तो मे महिन्यात होता, १९८६ साली होता, २०१९ सालीही होता. म्हणजे १९५४ च्या सुट्टीतले आपले पोर हौसेने रोजा ठेवणार आणि भर दुपारी पाटात उडी मारणार. बुडी मारताना पाणी आपोआप तोंडात गेले तर रोजा तुटतो का, हे तो आधी दादीला विचारेल. दुसऱ्या दिवशी विचारेल, आपोआप किती घोट चालतात?

इथे एखादा वाचक कपाळाला आठी घालील: धर्माच्या गोष्टीत हसू? त्याला मी एवढेच आठवून देईन की मूल वयात येईपर्यंत त्याच्यावरून कलम उचललेले असते, असे हदीस सांगते. त्याच्या चुका लिहिल्या जात नाहीत. नातू पाठीवर चढला म्हणून पैगंबरांनी सजदा लांबवल्याचे आपण खुत्ब्यात ऐकतो आणि घरी परतताना मागच्या रांगेत हसणाऱ्या पोराचा कान पिरगळतो. फरिश्ते ज्याच्या खोड्या लिहीत नाहीत, त्याची फक्त पुण्यकर्मे लिहायची, हा आपल्या लेखकांनी शोधलेला वेगळाच हिशेब आहे.

पण खरी अडचण धर्माची नाहीच. ती भीतीची आहे, आणि ती पोकळ म्हणता येत नाही. कैऱ्या चोरताना गोट्या सापडला तर ती खोडी. आपले पोर सापडले तर ती खोडीच राहील, याची खात्री किती बापांना आहे? म्हणून घराघरांत एक वाक्य असते: चार लोकांत नाव घालवू नकोस. ते पोराच्या कानात लहानपणीच पडते आणि तिथून पुस्तकात उतरते. लेखकाने आपल्या हमीदला साळसूद केले ते याच मायेने. मात्र या मायेची किंमत पोर भरते. साऱ्या समाजाची अब्रू दहा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर ठेवणे न्याय्य आहे का, हा मला या विषयातला मुळातला नैतिक प्रश्न वाटतो.

दुसरा प्रश्न त्याहून कठीण. साल १९४८ घेतले तर? राहाते तेव्हा कोपरगाव तालुक्यात. काही कोसांवर निजामाची हद्द. त्या उन्हाळ्यात पलीकडे रझाकारांची दहशत होती. सप्टेंबरात पोलीस कारवाई झाली आणि त्यानंतर हैदराबाद संस्थानात जे घडले, त्यातल्या मृतांचा अंदाज सुंदरलाल समितीने किमान सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला. तो अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आला नाही. अशा उन्हाळ्यावर मुलांना हसवणे म्हणजे फसवणूक नव्हे काय?

मार्क ट्वेनने ‘टॉम सॉयर’ (प्रकाशन १८७६) लिहिले ते आपल्या लहानपणाच्या, गुलामगिरीच्या काळातल्या गावावर. कुंपण रंगवण्याच्या त्या गाजलेल्या प्रसंगात आधी जिम नावाचा काळा मुलगा बादली घेऊन पाणी आणायला निघालेला असतो. टॉम त्याला एक गोटी देऊन कामाची अदलाबदल करू पाहतो. शनिवारची सुट्टी एकालाच आहे. ट्वेन तिथे थांबत नाही, हसत पुढे जातो. ते थांबणे त्याला पुढच्या ‘हकलबरी फिन’मध्ये जमले. मला वाटते, मुलांच्या पुस्तकात सगळे सांगायची सक्ती नाही. पण बादली घेतलेला मुलगा चित्रातून पुसू नये. टॉम हसो, बादली दिसली पाहिजे.

राहात्यात अशी बादली शोधायला लांब जावे लागत नाही. साईबाबांनी शिर्डीतल्या बागेसाठी झेंडू, जाई, जुईची रोपे राहात्याहून आणली, असे ‘साईसच्चरित’ सांगते. त्याच पोथीत जव्हार अली नावाच्या फकिराची हकीकत आहे. तो नगरहून येऊन राहात्यात उतरला, कुराण त्याला मुखोद्गत, वाणी गोड. लोकांच्या मदतीने त्याने वीरभद्राच्या देवळाजवळ ईदगाह बांधायला घेतली. त्यावरून तंटा झाला आणि त्याला गाव सोडावे लागले. पोथीने रोपेही सांगितली, तंटाही सांगितला, आणि दोन्ही एकाच शांत सुरात. आपल्या कादंबरीकाराने याहून वेगळे काही करावे असे नाही.

त्याने कादंबरी कुठूनही सुरू करावी. फक्त आमराईचा तो राखणदार काठी घेऊन पाच पोरांच्या मागे धावेल, चौघे पळतील आणि आपला नायक पायजमा काट्यात अडकून झाडाखाली सापडेल, तेव्हा राखणदार त्याला काय म्हणून हाक मारतो? ‘अमक्याचा पोरगा ना रे तू?’ म्हणतो, की आणखी काही? त्या एका ओळीवर लेखकाला एक अख्खी रात्र घालवावी लागेल.