शनिवारची उपासना

आजचे वाचन: प्रेषितांची कृत्ये 16:6-15



नेपाळहून येऊन आठ दिवस झाले आणि "पास्टर, किती लोकांनी प्रभूला स्वीकारलं?" हा प्रश्न निदान पंधरा जणांनी विचारला. एका आकड्यात उत्तर देता येत नाही, म्हणून आजचं मनन थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

हा भाग आपण सहसा नवव्या वचनापासून वाचतो, कारण दृष्टान्त तिथं आहे. मासेदोनियाचा माणूस उभा राहून मदतीला बोलावतोय, छान चित्र आहे. पण त्याआधीची तीन वचनं वाचा. पौल आणि त्याचे सोबती आसिया प्रांतात वचन सांगायला निघतात, पवित्र आत्मा मना करतो. बिथुनियाकडे वळू पाहतात, तिथंही तेच. वाट अडवली ती सैतानानं नाही, आत्म्यानं! कारण काय, ते लूक सांगतच नाही. शेवटी शेकडो मैल चालून ही मंडळी त्रोवसला, समुद्राच्या काठाशी येऊन थांबतात. (मोबाइलवर नकाशा काढून बघाच, म्हणजे ती पायपीट कळेल.)

आम्ही गोरखपूरहून सरहद्दीकडे निघालो तेव्हा वाटेत नौतनवा लागलं. छोटंसं गाव, भारताच्या बाजूचं शेवटचं रेल्वे स्टेशन. 1951 पर्यंत नेपाळचं दार परदेशी माणसांना जवळजवळ बंद होतं. दार्जिलिंगचे पाळक गंगाप्रसाद प्रधान यांनी नेपाळी बायबलसाठी आयुष्य वेचलं. ते संपूर्ण छापून झालं 1914 साली. त्याच वर्षी ते आपला कुटुंबकबिला घेऊन काठमांडूला गेले, तर त्यांना परत पाठवलं गेलं. माणूस नेपाळी, भाषा नेपाळी, तरी दार बंद.

पुढे डॉ. लिली ओहॅन्लन आणि हिल्डा स्टील या दोघी याच नौतनव्यात दवाखाना चालवत राहिल्या. नेपाळात जाता येत नव्हतं, पण डोंगरातून उतरून येणारे आजारी नेपाळी लोक तर येतच होते! वर्षानुवर्षं त्यांनी त्यांच्या जखमा धुतल्या. 1952 साली परवानगी मिळाली, तेव्हा त्या नेपाळी विश्वासणाऱ्यांना सोबत घेऊन पायी पोखराला गेल्या. तिथं उभारलेल्या त्यांच्या दवाखान्याचं पत्र्याचं छत उन्हात चमकायचं, म्हणून लोकांनीच त्याला 'शायनिंग हॉस्पिटल' म्हटलं. प्रार्थनापत्रकात छापावी अशी कामगिरी 1952 नंतरची. पण मला विचाराल तर नौतनव्याची ती वर्षं मला जास्त मोठी वाटतात.

आजही गोष्ट सोपी नाही. 2018 पासून लागू झालेल्या तिथल्या संहितेनुसार कोणाचं धर्मांतर करवलं तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आपण पाहुणे, चार दिवसांत घरी. किंमत मोजावी लागते ती तिथल्या पाळकाला. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवलं होतं: पत्रकं वाटायची नाहीत, रस्त्यावर सभा नाही, आणि मंडळीतल्या कोणाचाही चेहरा फोनमध्ये टिपायचा नाही. बुटवल मागे टाकून बस घाट चढायला लागली तेव्हा आमच्यातला एक पोरगा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, वैतागून म्हणाला, "मग आपण आलोच कशाला?"

प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, उपासनेला चाललोय. त्याला ते पटलं नाही, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी, त्यामुळे मंडळ्या शनिवारीच भरतात. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत सतरंजीवर एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला स्त्रिया. "जय मसीह!" म्हणत दोन्ही हात जोडून स्वागत. आम्हाला बोलायला दहा मिनिटं दिली होती, पण खरं सांगायचं तर बोलले तेच. एका आजोबांनी वडीलमंडळींच्या तुरुंगवासाबद्दल असं सांगितलं, जसं आपण लोकल चुकल्याचं सांगतो.

आता पुन्हा वचनाकडे. फिलिप्पैला पोचल्यावर पौलाला दृष्टान्तातला तो पुरुष भेटतच नाही. शब्बाथाच्या दिवशी नदीकाठी प्रार्थनेला जमलेल्या बायका भेटतात. त्यातली लुदिया कुठली? थुवतीराची. आणि थुवतीरा आहे आसिया प्रांतात! ज्या प्रांतात पौलाला बोलू दिलं नव्हतं, तिथलीच बाई समुद्रापलीकडे व्यापाराला आलेली, आणि प्रभू तिचं अंतःकरण उघडतो. शिवाय 'मदत करा' म्हणून बोलावून घेतलेल्या पौलालाच ती आग्रहानं घरी नेऊन ठेवते. मदत नक्की कोणी कोणाला केली, हे ठरवणं कठीण आहे.

आम्हालाही एका दिदीनं जबरदस्तीनं जेवायला नेलं. दालभात, गुंद्रुक, मुळ्याचं लोणचं. जेवता जेवता तिनं विचारलं, "पुण्यात आमची खूप मुलं आहेत. माझा भाचा वॉचमन आहे. तिथं शनिवारी सुट्टी नाही, रविवारी सकाळी तो रात्रपाळी करून झोपतो. मग तो उपासनेला जातो केव्हा?"

कोणी काही बोललं नाही. बसमध्ये वैतागलेल्या त्या पोरानं फोन काढला, आणि भाच्याचा नंबर लिहून घेतला.

परवा तो आणि मी भाच्याला भेटून आलो. बाणेरच्या एका सोसायटीत, जिन्याखालच्या खोलीत तिघं राहतात, तिघांच्या पाळ्या वेगवेगळ्या. भाचा म्हणाला, दुपारी तीन ते पाच मोकळा असतो, बायबल आहे पण सोबत वाचायला कोणी नाही. तेव्हा येत्या शनिवारी तीन वाजता आमच्या घरी चहा आणि नेपाळी बायबलमधून फिलिप्पैकरांस पत्राचा पहिला अध्याय. वाचणार तो, ऐकणार आपण. ज्यांना यायचं असेल त्यांनी शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे दूध जास्त आणता येईल.