चौकशी शेजारी करावी

मुलगा कसा आहे, हे त्याच्याच आईला विचारून कोणी स्थळ पक्कं करत नाही. चौकशी होते ती शेजारी, गावात, कचेरीत. सुट्टीसाठी गोव्यात फ्लॅट देणारी अनोळखी वेबसाइट पारखताना मात्र आपण तिचेच फोटो पाहतो, तिच्यावरचेच अभिप्राय वाचतो आणि तिच्यावरच्याच नंबरला फोन लावतो. तिन्ही साक्षीदार एकाच घरचे. साइटवाल्याला जे स्वतः लिहिता येत नाही आणि खोडताही येत नाही, तोच खरा पुरावा.

ॲड्रेसबारमधलं कुलूप या कसोटीला उतरत नाही. माहिती वाटेत कोणी वाचणार नाही, एवढीच त्याची हमी. पलीकडे कोण बसलंय, हे ते सांगत नाही. कुलूप म्हणजे भरवसा, असा लोकांचा समज झाला होता, म्हणून गुगलने २०२३ मध्ये क्रोममध्ये ते चिन्ह बदललं.

मग बाहेर काय मिळतं? साइटचं नाव कधी नोंदवलं, ते 'हू-इज' नोंदीत दिसतं. 'दहा वर्षांची सेवा' सांगणाऱ्याचं नाव गेल्या महिन्यातलं असेल, तर पुढे विचारायचं काही उरत नाही. जीएसटी क्रमांक दिला असेल, तर तो सरकारी पोर्टलवर लॉगिन न करता तपासता येतो: नाव, पत्ता, नोंदणीची तारीख, चालू की रद्द. १५ अक्षरांतली पहिली दोन राज्याची, गोव्याची ३०. छोट्या घरमालकाला जीएसटी लागत नाही, हे खरं. पण पर्यटकांना जागा देणाऱ्याला गोव्याच्या १९८२ च्या कायद्याप्रमाणे पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. तो दाखला मागावा.

इथे एक पायरी आणखी आहे. नोंद खरी असली, तरी ती याच माणसाची कशावरून? लबाड माणूस नवं नाव रचत बसत नाही, चालत्या हॉटेलाचं उचलतो. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याच्या सायबर केंद्राने केदारनाथची हेलिकॉप्टर तिकिटं आणि सोमनाथची अतिथीगृहं यांच्या बनावट साइट्सबद्दल सावध केलं, ते यासाठीच. तेव्हा कागद आणि माणूस यांची गाठ बघायची. व्हिडिओ कॉलवर सोसायटीच्या फाटकापासून फ्लॅटच्या दारापर्यंत चालत जायला सांगावं. किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला हे जड नाही. यूपीआयवर पैसे पाठवण्याआधी बँकेतलं नाव दिसतं, ते दाखल्यावरच्या नावाशी ताडून पाहावं. नाव तिसऱ्याचंच निघालं आणि 'आमच्या अकाउंटंटचं खातं आहे' असं उत्तर आलं, तर तिथेच थांबावं. नामांकित साइटवर घर दाखवून पैसे परस्पर मागणारा मालकही त्यातलाच. व्यवहार बाहेर गेला की साइटचं संरक्षण संपतं.

या सगळ्याला अर्धा तास पुरतो. 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय, आत्ताच ॲडव्हान्स टाका' ही घाई नेमका तेवढा अर्धा तास मिळू नये म्हणून असते. तरीही पैसे गेलेच, तर साइटवाल्याची समजूत घालत बसू नये. ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करून व्यवहाराचा क्रमांक द्यावा; रक्कम पुढे काढली जाण्याआधी कळलं, तर ती बँकेत अडवता येते.