गणिताचा पुढचा टप्पा : श्रेय कोणाचे, प्रेय कोणाचे?

मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांपुढे दहावीच्या सुमारास एक प्रश्न हमखास उभा राहतो : गणितात आता पुढे काय? शाळेत याचे उत्तर बरेचसे वेळापत्रकच देते. घरी मात्र शिक्षक आपण, परीक्षक आपण आणि भविष्याची काळजी करणारे आई-वडीलही आपणच. आपल्याला थांबवणारे दुसरे कोणी नसते. म्हणून अभ्यासक्रमाबरोबर आपला हेतूही तपासावा लागतो.

आपल्या देशात घरी शिकणारी बरीच मुले राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजे एनआयओएसच्या परीक्षा देतात. तिथे दहावीलाही गणित सक्तीचे नाही. बारावीला ते घेतले, तर त्रिकोणमिती, सदिश, कलन यांचा अभ्यास येतो. नाही घेतले, तर लेखाशास्त्र, अर्थशास्त्र असे विषय निवडता येतात. काही मुले केंब्रिजची आयजीसीएसई देतात. तिथे गणिताचे कोअर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर आहेत आणि कोअरमध्ये ‘सी’च्या वरची श्रेणी मिळत नाही.

कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो : एक हिताचे, दुसरे मनाला आवडणारे. आपण सहज धरून चालतो की अवघड गणित हे श्रेय आणि सोपे ते प्रेय. पण थोडे थांबून पाहा. ‘माझी मुलगी चौदाव्या वर्षीच कलन शिकते’ हे चारचौघांत सांगताना सुख कोणाला होते? मुलासाठी जे श्रेय म्हणून आपण निवडतो, ते कधी कधी आपलेच प्रेय असते.

आपला हेतू ओळखला, की मुलाची तयारी स्वच्छ दिसू लागते. मागच्या दोन वर्षांतली दहा उदाहरणे धड्याचे नाव न सांगता, मिसळून द्या. वर्गसमीकरणाचे सूत्र पाठ असणे वेगळे. एखाद्या संख्येचा वर्ग 9 असेल तर ती संख्या 3 किंवा वजा 3 असू शकते, हे स्वतःहून सांगणे वेगळे. अपूर्णांकांच्या बेरजेत मूल अडखळत असेल, तर कलन सुरू करण्याची घाई नको. एनआयओएसची नोंदणी 5 वर्षे चालते आणि त्या काळात परीक्षेच्या 9 संधी मिळतात. वेळ आहे; धीर आपल्याला धरायचा आहे.

याचा अर्थ मूल ‘गणित नको’ म्हणाले की लगेच मान डोलवावी, असा नाही. ते वयाने लहान आहे. कोणते दार बंद होते हे त्याला आधी कळायला हवे. बारावीला गणित नसेल, तर जेईई मेनमधून अभियांत्रिकीच्या पदवीला जाता येत नाही. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ला गणित लागत नाही. सीए होण्यासाठी बारावीचे गणित सक्तीचे नाही; पण फाउंडेशन परीक्षेत व्यावसायिक गणित, तर्क आणि संख्याशास्त्र यांचा 100 गुणांचा पेपर आहेच. मी वाणिज्य शाखेत शिकते. गणित टाळायला म्हणून इकडे येणाऱ्यांना चक्रवाढ व्याज आणि संख्याशास्त्र इथेही भेटतात.

हे सारे शांतपणे समोर मांडल्यावर मुलाने जे ठरवले, तो त्याचा निर्णय. माहिती न देता त्याच्यावर सोपवला, तर ती आपली टाळाटाळ. आणि माहिती देऊन उत्तरही आपणच ठरवले, तर तो केवळ विचारल्याचा देखावा.

आज संध्याकाळी वही उघडण्यापूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारा : हा अभ्यासक्रम मी कोणालाही सांगू शकणार नाही असे असते, तरी मी हाच निवडला असता का? उत्तर ‘हो’ आले, तर मुलासोबत निश्चिंतपणे बसा. ‘नाही’ आले, तर आजचा धडा आधी आपल्यासाठी आहे.